आपलंच नाव, आपणच विकत घ्यायचं?

काठावरचा (धागाकर्ता)

मंडळी, नोकरी मार्केटिंगमधली. कंपनीचं नाव सांगत नाही. ऑनलाइन वस्तू विकते, एवढं पुरे. मागच्या तिमाहीत आमच्याकडे एक प्रकार घडला. ऑफिसात तो मोठ्याने बोलायची सोय नाही, म्हणून इथे.

आमची एक 'ब्रँड कॅम्पेन' चालते. म्हणजे कुणी सर्चमध्ये आमच्याच कंपनीचं नाव टाइप केलं की सगळ्यात वर आमचीच जाहिरात येते. तिच्या खाली बोटभर अंतरावर आमचीच साइट, फुकटातली. माणसाने वरच्या ओळीवर क्लिक केलं तर आम्ही पैसे मोजायचे, खालच्या ओळीवर केलं तर नाही. पोहोचतो तो एकाच ठिकाणी. या कॅम्पेनचं खातं आमच्या जाहिरात एजन्सीने वेगळं ठेवलंय आणि सादरीकरणात तिची स्लाइड सगळ्यात आधी असते, कारण आकडा देखणा आहे: खर्चाच्या अठरापट विक्री. बाकीच्या कॅम्पेन दोन-अडीचपटीवर धापा टाकतात.

तर त्या खात्याला जोडलेल्या कार्डाची मुदत संपली. नवं कार्ड आलं होतं, पण फायनान्समधल्या एका ड्रॉवरमध्ये पाकिटासकट पडून होतं. 'पेमेंट झालं नाही'चे मेल ज्याच्या नावावर येत होते तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला. अकरा दिवस जाहिरात बंद.

कुणाला पत्ताच नाही. बाराव्या दिवशी एजन्सीतली मुलगी पाक्षिक अहवाल करायला बसली तेव्हा तिला दिसलं, आणि मग धावपळ झाली. मी त्या संध्याकाळी थांबून दिवसवार आकडे काढले. जाहिरातीच्या रकान्यात अकरा शून्यं. शेजारचा 'ऑरगॅनिक'चा, म्हणजे फुकटच्या लिंकवरून आलेल्यांचा रकाना जवळपास तेवढाच फुगलेला. ऑर्डरींची रेघ जशीच्या तशी. शनिवारी वर जाते तशी वर, मंगळवारी बसते तशी खाली. ती 'अठरापट' माणसं आमच्याकडेच निघाली होती. आम्ही दारात उभं राहून त्यांना 'या' म्हणायचे पैसे देत होतो.

हा कारभार फक्त आमच्याकडेच आहे, की सगळीकडे?

जुना_मोडेम

सगळीकडे. आणि तुमच्याकडे जे चुकून झालं ते ईबे या ऑनलाइन बाजारवाल्या कंपनीने मुद्दाम करून पाहिलंय.

२०१२ साली त्यांनी अमेरिकेत याहू आणि एमएसएन या सर्च इंजिनांवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती बंद केल्या आणि तुलनेसाठी गुगलवर चालू ठेवल्या. बंद केलेल्या जाहिरातींवरचे ९९.५ टक्के क्लिक फुकटच्या लिंकवरून परत आले. म्हणजे हजारातले पाच हुकले. ब्लेक, नॉस्को आणि टॅडेलिस या तिघा अर्थशास्त्रज्ञांचा हा अभ्यास. २०१५ मध्ये 'इकॉनोमेट्रिका'त छापून आला.

पण खरी मेख पुढे आहे. नंतर त्यांनी गुगलवर देशातल्या काही भागांत सर्वसाधारण शब्दांच्या जाहिरातीही थांबवल्या. ईबेचं नाव नसलेल्या, नुसत्या वस्तूंच्या. सरासरी विक्रीत फरक जवळपास दिसलाच नाही. फरक पडला तो नव्या आणि क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकांत. ज्यांना ईबे ठाऊकच होतं ते जाहिरात असो-नसो येत होते, आणि खर्चाचा मोठा भाग त्यांच्याच क्लिकवर जात होता. जाहिरातीचं काम माहिती नसलेल्याला माहिती देणं. ज्याला आधीच माहीत आहे त्याला पुन्हा सांगायचे पैसे कशाला?

बोलीभाषा

मी पलीकडच्या बाकावरची, एजन्सीत. आमच्यावर सगळं ढकलण्याआधी तो अठरापट आकडा बनतो कसा ते सांगते.

जाहिरातीची जागा लिलावात मिळते, पण नुसत्या जास्त बोलीवर नाही. तुमची बोली आणि तुमच्या जाहिरातीचा दर्जा, दोन्ही मिळून क्रम ठरतो. दर्जा म्हणजे मुख्यतः लोक तिच्यावर क्लिक करण्याची शक्यता. आता जो माणूस तुमचंच नाव टाइप करतोय तो तुमच्या जाहिरातीवर क्लिक करणार नाही तर कुणाच्या? त्यामुळे दर्जा अव्वल, क्लिक स्वस्त, आणि आलेला माणूस आधीच खरेदीच्या तयारीत. वर हिशोबाची पद्धत 'लास्ट क्लिक'ची, म्हणजे ऑर्डरीआधी शेवटचा हात ज्याचा लागला, सगळं श्रेय त्याचं. मित्राने सहा महिन्यांपूर्वी शिफारस केली, दोनदा व्हिडिओ पाहिला, कुठेतरी कौतुक वाचलं, यातलं काहीही त्या रकान्यात येत नाही. येते ती शेवटची जाहिरात.

आम्हाला हे कळत नाही असं नाही. पण सगळ्या कॅम्पेनचा एकत्र आकडा क्लायंटला दाखवायचा असतो आणि ब्रँड कॅम्पेन काढली की उरलेल्याचं पितळ उघडं पडतं. त्या देखण्या स्लाइडच्या पाठीमागे बाकीच्या लपतात. असो, नोकरी आहे.

तिरपागडे

काठावरचा, अकरा दिवसांत शहाणपण आलं म्हणून नाचू नका. तुमच्या नावावर दुसऱ्या कुणी बोली लावलेली नव्हती, हे तुमचं नशीब.

आमचं नाव लहान, धंदा लहान. आम्ही ब्रँड कॅम्पेन बंद केली तर चौथ्या दिवशी आमच्या नावाच्या सर्चवर पहिली ओळ प्रतिस्पर्ध्याची. खाली आमची साइट होती, पण मोबाइलच्या पडद्यावर 'खाली' म्हणजे दुसरं गाव. आमचं नाव टाइप करून माणूस त्याच्याकडे. आणि यात बेकायदा असं फारसं काही नाही. लुई व्हितॉनच्या खटल्यात युरोपच्या न्यायालयाने मार्च २०१०मध्येच सांगितलंय की नोंदणीकृत नाव कीवर्ड (ज्या शब्दाच्या सर्चवर जाहिरात दाखवायची तो शब्द) म्हणून विकलं एवढ्यावरून गुगलने ट्रेडमार्कचा भंग केला असं होत नाही. जाहिरात देणाऱ्याने मालाच्या मुळाबद्दल लोकांची फसगत होईल अशी जाहिरात केली तर त्याला धरा. नुसती बोली लावणाऱ्याला काय करणार?

ईबे ही ईबे आहे. तिच्या नावाखाली लोक दुसऱ्या कुणाकडे वळत नाहीत. आमच्यासारख्यांना हप्ता भरावाच लागतो.

काठावरचा

तिरपागडे, हप्ता हा शब्द तुम्हीच वापरलात ते बरं झालं. :) तुमचा मुद्दा मान्य. नाव जेवढं लहान तेवढी गरज खरी. पण मग दुखणं वेगळंच ठरतं ना? ज्याला गरज नाही त्याच्या अहवालात आकडा सगळ्यात देखणा, आणि ज्याला गरज आहे त्याला ती स्वतःचंच नाव राखायला. दोन्हीकडे गल्ला एकाचाच.

आणि आमच्या नावावर खरंच कुणी बोली लावत होतं का, हे आमच्याकडे कुणी तपासलेलंच नव्हतं. 'प्रतिस्पर्धी येईल' या भीतीवर चार वर्षं पैसे चाललेत.

जुना_मोडेम

हप्त्यावरून आठवलं. खुद्द गुगललाही दारात उभं राहायचे पैसे मोजावे लागतात. फोन आणि ब्राउझर उघडल्यावर त्यांचंच सर्च इंजिन आधीपासून लावलेलं असावं म्हणून गुगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर दिले; अमेरिकेतल्या खटल्यात हा आकडा बाहेर आला. ऑगस्ट २०२४मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला, त्यात या करारांचाच मोठा वाटा.

आणि गंमत अशी की २०२१ साली युरोपातल्या दुसऱ्या एका खटल्यात गुगलच्याच वकिलांनी सांगितलं होतं, बिंग या मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनवर सगळ्यात जास्त शोधला जाणारा शब्द 'गुगल' आहे. लोक आपणहून शोधत येतात हा त्यांचा बचाव. लोक शोधत येतात तर मग २६ अब्ज कशासाठी, हा काठावरचा यांचा प्रश्न त्यांनाही लागू.

अर्धविराम

वाचतोय. चांगला धागा.

अवांतर: 'गुगलणे' हे क्रियापद मराठीने किती सहज पचवलं बघा. गुगललं, गुगलून बघ, गुगलता येईना. सगळे काळ, सगळे अर्थ, मूळ धातूसारखे चालतात. इंग्रजीत ते २००६ साली ऑक्सफर्डच्या कोशात गेलं, आणि त्याच वर्षी कंपनीने लोकांना विनवलं की बाबांनो, आमच्यावर शोधलं तरच हा शब्द वापरा. झेरॉक्सवाल्यांनीही जाहिराती देऊन हेच सांगितलं होतं की आमचं नाव क्रियापदासारखं वापरू नका. आपण ऐकलं का? आपण दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर झेरॉक्स काढतो आणि ती पुसट आली तर झेरॉक्सलाच नावं ठेवतो.

नाव फार मोठं झालं की मालकाच्या हातातून निसटतं. 'एस्कलेटर' हे ओटिस कंपनीचं नाव होतं. १९५० साली ते गेलं, आणि आता कुणीही सरकता जिना त्या नावाने विकू शकतं. गुगलवर हा प्रसंग आला होता. एकाने ७६३ डोमेन नावं घेतली, सगळ्यांत 'गुगल' घुसवलेलं. वाद झाला तेव्हा तो म्हणाला, हा तर आता सामान्य शब्द आहे. अमेरिकी अपील न्यायालयाने २०१७मध्ये ते फेटाळलं: लोक क्रियापद म्हणून वापरतात एवढ्याने नाव जात नाही, सर्च इंजिन या वस्तूलाच लोक 'गुगल' म्हणू लागले तर जाईल.

(मराठीत त्याआधीपासून गुगली होतीच. तिचा मालक कोण ते क्रिकेटवाल्यांनी ठरवावं.)

शब्दमजूर

अर्धविराम यांचं अवांतर आवडलं. मी थोडं विषयावर येतो, किंवा विषयाच्या तळघरात म्हणा.

मी 'कंटेंट' लिहायचो. लेख म्हणवत नाही. मागणीपत्रक यायचं: शब्द आठशे, मुख्य कीवर्ड चौदा वेळा, पहिल्या शंभर शब्दांत दोनदा, एका उपशीर्षकात तरी हवाच. विषय काहीही असो, सुरुवात एकच: 'आजच्या धकाधकीच्या जीवनात'. एका महिन्यात मी हे वाक्य अडतीस वेळा लिहिलं. मोजलं, कारण पैसे शब्दांवर होते आणि ही तीन शब्दांची कमाई बिनकष्टाची. कीवर्ड व्याकरणात बसत नसे, कारण लोक सर्चमध्ये विभक्ती लावत नाहीत. 'स्वस्त टिकाऊ बॅग प्रवास' हे जसंच्या तसं वाक्यात घाला, असा आग्रह. घातलं. 'स्वस्त टिकाऊ बॅग प्रवास करताना उपयोगी पडते.' बॅग प्रवास करते. करू दे.

सर्चमध्ये वर यावं म्हणून माझ्या आधीच्या पिढीने पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द भरले, पानाच्या पोटात कीवर्डच्या याद्या कोंबल्या. गुगलने २००९ साली जाहीर सांगितलं की त्या याद्या आम्ही क्रमासाठी बघतच नाही, तरी पुढे कित्येक वर्षं माझे क्लायंट त्या भरून मागत होते. फेब्रुवारी २०११मध्ये गुगलने क्रम लावायची रीत बदलली, 'पांडा' आलं आणि पातळ मजकुराचे कारखाने झोपले. एप्रिल २०१२मध्ये 'पेंग्विन' आलं, विकतच्या लिंकांवर. नावं गोंडस, पण आमच्याकडे एका सोमवारी कामं निम्म्यावर आली होती.

यात छोटेच सापडतात असंही नाही. २००६ साली बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गुगलने यादीतून काढली होती. सर्च इंजिनला एक पान दाखवायचं, माणसाला दुसरं, हा गुन्हा. पण ती काही दिवसांतच परत आली. आमच्या एका क्लायंटची साइट वर्षभर अर्ज करूनही आली नाही. लोक बीएमडब्ल्यू शोधणार आणि ती सापडली नाही तर सर्चच खोटं ठरणार. आमच्या क्लायंटला कोण शोधत होतं? ब्रँड म्हणजे काय, हे मला तिथे कळलं.

खिडकीतली

वर सगळे आतले बोलताहेत. मी नुसती वापरणारी, तर एक बाहेरचं.

माझी आई कुठल्याही साइटचा पूर्ण पत्ता सर्चच्याच चौकोनात टाइप करते. डॉटकॉमसकट. वर पत्त्याची पट्टी असते हे तिला सांगून झालंय. ती म्हणते, 'इथे टाकलं की येतं ना?' येतं. म्हणजे काठावरचा, तुमच्या अठरापटीत माझी आई आहे. तिला जाहिरात आणि लिंक यातला फरक दिसत नाही. मला तरी कुठे पटकन दिसतो?

पण मला खरं बोलायचंय ते वेगळं. मागे तिने मागवलेली एक वस्तू आलीच नाही. तिने कंपनीचं नाव आणि पुढे 'कस्टमर केअर नंबर' असं शोधलं. नंबर मिळाला, ठळक अक्षरांत. उचलणारा अतिशय अदबीने बोलला. 'मॅडम, रिफंड लगेच करतो, फक्त एक अ‍ॅप उतरवून घ्या.' मी शेजारच्या खोलीत होते म्हणून. मी फोन हिसकावून घेतला तेव्हा तो आईला पडद्यावरचे आकडे वाचायला सांगत होता.

मग मी त्या कंपनीच्या खऱ्या साइटवर नंबर शोधला. 'मदत', मग 'वारंवार विचारले जाणारे प्रश्न', मग 'अजून मदत हवी?', मग एक चॅटचा बाहुला, तो पुन्हा पहिल्या पानावर आणून सोडतो. नंबर नाहीच. स्वतःचं नाव विकत घ्यायला यांच्याकडे पैसा आहे आणि त्या नावाखाली एक फोन नंबर लिहायला नाही. मग ती जागा भामटा भरतो.

बोलीभाषा

खिडकीतली, आई सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. आणि तुम्ही म्हणता ते मुद्दामच असतं. फोन उचलायला माणूस लागतो, तो खर्चाच्या रकान्यात. जाहिरात विक्रीच्या रकान्यात. हे दोन रकाने दोन वेगळ्या मजल्यांवर बसतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

जुना_मोडेम

खिडकीतली, तुमच्या आईसारखे लोक लाखोंनी आहेत. २०१०च्या फेब्रुवारीत 'रीडराइटवेब' नावाच्या तंत्रज्ञानविषयक साइटने फेसबुकच्या लॉगिनवर एक लेख टाकला. तो 'फेसबुक लॉगिन' या शोधात वर आला. रोज तेच दोन शब्द टाइप करून फेसबुकवर जाणारे लोक सरळ त्या लेखावर येऊन थडकले आणि खाली प्रतिक्रिया देऊ लागले: हे नवं रूप अजिबात आवडलं नाही, जुनं परत द्या, मला आत जाऊ द्या. शेवटी त्या साइटला लेखात ठळक सूचना टाकावी लागली की बाबांनो, हे फेसबुक नाही.

तेव्हा सगळे हसले. मला ते हसण्यासारखं वाटलं नाही. त्यांच्या दृष्टीने पत्ता वगैरे काही नसतो. नाव घेतलं की दार उघडतं, एवढंच इंटरनेट.

आणि जाहिरात-लिंक फरक दिसत नाही हा तुमच्या डोळ्यांचा दोष नाही. आधी गुगलवर जाहिरातींच्या मागे रंगीत पट्टा असायचा. २०१३च्या सुमारास तो गेला, 'ही जाहिरात' असं सांगणारी एक पिवळी चिठ्ठी उरली. २०१६मध्ये ती हिरवी झाली, म्हणजे साइटच्या पत्त्याच्याच रंगाची. पुढच्या वर्षी नुसती हिरवी चौकट. २०२०मध्ये साधी काळी अक्षरं, आणि त्याच वेळी फुकटच्या लिंकांपुढेही छोटी चिन्हं लावली, की दोन्ही सारखंच दिसावं. त्यावर इतका ओरडा झाला की थोडी माघार घेतली. गुगलचे संस्थापक ब्रिन आणि पेज यांनी १९९८ साली विद्यार्थी असताना जो शोधनिबंध लिहिला, त्याच्या परिशिष्टात म्हटलंय की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन मुळातच जाहिरातदारांकडे झुकेल, वापरणाऱ्यापासून दूर जाईल. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर २०००मध्ये, साडेतीनशे जाहिरातदारांना घेऊन गुगलचं जाहिरातींचं दुकान, अ‍ॅडवर्ड्स, सुरू झालं. लिहून ठेवलेलं स्वतःच खरं करून दाखवणारी माणसं विरळा.

तिरपागडे

+१. पट्ट्याचा रंग हा खरा इतिहास.

काठावरचा

ताजी खबर. मंगळवारी मी अकरा दिवसांचा तक्ता बैठकीत मांडला. एकच पान: दोन रकाने, एक रेघ. ईबेचं उदाहरणही तोंडी सांगितलं (जुना_मोडेम, आभार). तिरपागडे यांचा मुद्दाही मांडला, की आधी आपल्या नावावर कुणी बोली लावतंय का ते बघू, मग थोड्या भागात बंद करून बघू, एकदम नको.

साहेबांनी नीट ऐकलं. तक्त्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, 'बरोबर आहे तुझं. पण ही काढली तर वर्षअखेरच्या सादरीकरणात पहिली स्लाइड कुठली लावायची?'

नवं कार्ड जोडलंय. मुदत पाच वर्षांची आहे.

खिडकीतलीने सांगितलेला फोन नंबरचा मुद्दाही काढला होता, की निदान कस्टमर केअर नंबर साइटच्या पहिल्या पानावर टाकू. तो 'पुढच्या तिमाहीत बघू' मध्ये गेला.

शब्दमजूर

पुढची तिमाही आजच्या धकाधकीच्या जीवनात फार लवकर येते हो.

नवीन_सभासद_८८१

नमस्कार सर माझी ऑर्डर ३ तारखेची आहे अजून आली नाही. रिफंड पण नाही. कस्टमर केअर नंबर वर कोणी उचलत नाही म्हणून इथे लिहीत आहे. ऑर्डर नंबर खाली देत आहे. कृपया लवकर करा.

(ऑर्डर क्रमांक आणि मोबाइल नंबर काढून टाकला आहे. – संपादक)

खिडकीतली

दादा, ही कुठलीही कंपनी नाही, आम्ही नुसते गप्पा मारणारे लोक आहोत. तुमचा नंबर संपादकांनी काढलाय, पण कुणी पाहिला असेल आणि फोन आला तर कुठलंही अ‍ॅप उतरवू नका, ओटीपी सांगू नका. ज्या अ‍ॅपवरून मागवलं त्याच्यातच 'माझ्या ऑर्डरी'मध्ये जाऊन तक्रार टाका.

नवीन_सभासद_८८१

ठीक आहे मॅडम. पण रिफंड कधी येईल?